मेंटॉर मागायला लावू नका, देऊन टाका

नवीन नोकरीला लागलेल्या पोरापोरींना एक सल्ला हमखास मिळतो, की एखादा चांगला मेंटॉर, म्हणजे वाट दाखवणारा अनुभवी माणूस, गाठ, लाजू नकोस, जाऊन बोल, रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही. देणारे मनापासून देतात, त्यांच्या हेतूबद्दल काही म्हणायचं नाही. पण मला हा सल्ला दिवसेंदिवस जास्त खटकायला लागलाय, कारण त्यात असं धरून चाललंय की मागणं सगळ्यांना सारखंच जमतं. ते जमत नाही. आणि ज्यांना जमतं त्यांना मेंटॉरची गरज बऱ्याचदा सगळ्यात कमी असते, ही त्यातली गंमत.

म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. वेगवेगळ्या घरांतून, भाषांतून, वर्गांतून आलेली तरुण मंडळी कामात खरंच वर यायला हवी असतील तर मेंटॉर ही "हवी तर घ्या" अशी सोय ठेवून भागत नाही. पहिल्या दिवशी ओळखपत्र आणि लॅपटॉप देता ना, तसाच मेंटॉर पण द्यायचा. सगळ्यांना, न मागता, आणि देणाऱ्याच्या कामाच्या तासांत धरून.

आता मागायला एवढं काय जड जातं असं ज्यांना वाटतं त्यांनी जरा दोन नवख्या लोकांचा विचार करा. एकाच्या घरी आईवडील दोघंही मोठ्या हुद्द्यावर, मामा वकील, शेजारची ताई कुठल्याशा कंपनीत मॅनेजर. हा पोरगा लहानपणापासून बॉस, अप्रेझल, राजीनामा, प्रमोशन हे शब्द घरात ऐकत मोठा झालाय, आणि वरच्या माणसाशी बोलायचं म्हणजे त्याच्यासाठी मामाशी बोलण्यासारखंच. दुसरी मुलगी अशी की तिच्या घरात ऑफिसात बसून काम करणारी तीच पहिली. तिला घरून शिकवण मिळालीय ती वेगळी, की मोठ्यांचा वेळ खाऊ नये, आपलं काम चोख करावं, पुढे पुढे करू नये, काम बोलतं. ही शिकवण वाईट आहे का, अजिबात नाही, उलट अशी माणसं टीममध्ये असतील तर टीम चालते. पण ऑफिसात काम बोलत नाही हो, कामाबद्दल कोणीतरी बोलावं लागतं, आणि हे तिला कोणी सांगितलेलंच नसतं. ती मागत नाही कारण मागणं म्हणजे आपल्याला येत नाही हे कबूल करणं असं तिला वाटतं, आणि आपण इथे बसायच्या लायकीचे आहोत की नाही ही शंका तिला आधीच असते, मग त्यात अजून भर कशाला.

दुसरी अडचण यापेक्षा मोठी आहे. काय मागायचं हेच माहीत नसतं. सिनिअर चांगल्या मनाने विचारतो "काही शंका आहे का?" आणि उत्तर येतं "नाही सर". खोटं नसतं ते. ज्या गोष्टीचं अस्तित्वच माहीत नाही तिच्याबद्दल शंका कशी येणार? ईमेलमध्ये कोणाला सीसीत ठेवायचं आणि कोणाला ठेवलं तर तो चुगली समजेल. कुठली डेडलाइन खरी असते आणि कुठली नुसती सांगायची म्हणून सांगितलेली असते. मीटिंगमध्ये निर्णय होतच नाही, तो आधी दोघातिघांनी बोलून झालेला असतो आणि मीटिंगमध्ये फक्त शिक्का बसतो, त्यामुळे आपलं म्हणणं मांडायचं असेल तर ते मीटिंगच्या आधी मांडायला हवं. मॅनेजरचं "बघू" म्हणजे बहुतेक वेळा नाही. ऑफर लेटरमधला पगाराचा आकडा शेवटचा असतोच असं नाही, त्यावर बोलता येतं. अप्रेझलच्या फॉर्ममध्ये आपणच आपलं काम लिहायचं असतं आणि तिथे नम्रपणा दाखवला तर नुकसान आपलंच. कुठल्या प्रोजेक्टवर गेलं की वरचे लोक नाव ओळखायला लागतात आणि कुठल्या प्रोजेक्टवर गेलं की दोन वर्षं राबूनही कोणाला पत्ता लागत नाही. "नाही जमणार" हे कसं म्हणायचं, म्हणजे न जमणारं काम टळेल पण माणूस तुटणार नाही. यातलं काहीही कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत, कुठल्या पुस्तिकेत छापत नाहीत, आणि छापणार तरी कोण, कारण यातलं निम्मं तर ऑफिशियली खरंच नसतं.

पुढच्यास ठेच मागचा शहाणा म्हणतात. पण त्यासाठी पुढच्याने मागे वळून ठेच कुठे लागली ते सांगायला पाहिजे, आणि सांगतो तो कोणाला, तर ज्याच्याशी त्याचं सहज बोलणं होतं त्याला. सहज बोलणं होतं कोणाशी, तर जो आपल्यासारखा आहे त्याच्याशी. तीच शाळा, तेच विनोद, तोच खेळ, तीच बोलायची ढब. यात कोणी ठरवून कोणाला वगळत नसतं. पण परिणाम बघा, ज्ञान त्याच त्याच घरांत फिरत राहतं आणि दहा वर्षांनी वरच्या खुर्च्यांवर परत तसेच चेहरे दिसतात, आणि मग सगळे आश्चर्य करतात की आपण तर भरती सगळीकडून केली होती.

हे नुसतं माझं वाटणं नाही. अमेरिकेतल्या एका सेल्स कॉल सेंटरमध्ये चार अर्थशास्त्रज्ञांनी, म्हणजे सँडविक, साउमा, सीगर्ट आणि स्टँटन यांनी, प्रयोग केले आणि २०२० साली त्यातला पहिला छापून आला. त्यात त्यांनी काही एजंटांच्या चिठ्ठ्या टाकून जोड्या लावल्या आणि ठरलेल्या वेळी बसून एकमेकांना तुझं काय चालतं, माझं काय अडतं असं विचारायला लावलं, हातात एक साधा प्रश्नांचा कागद देऊन. बाकी काही नाही. सरासरी विक्री २४ टक्क्यांनी वाढली. आणि प्रयोग बंद झाल्यावरही फायदा बरेच आठवडे टिकून राहिला, उलट नुसतं पैशाचं बक्षीस लावलेल्या गटातली वाढ बक्षीस संपल्यावर ओसरली. म्हणजे माहिती शेजारच्या खुर्चीवर बसलेली होती, अडत होतं ते फक्त "जरा सांगशील का" हे पहिलं वाक्य. कोणीतरी वरून सांगितलं की आता बसा आणि बोला, तेव्हा तो संकोच गळून पडला, कारण आता मी मागतोय असं राहिलं नाही, आपल्याला सांगितलंय म्हणून बोलतोय असं झालं.

त्याच मंडळींचा नंतरचा प्रयोग तर माझ्या मुद्द्याला अगदी नेमका लागू पडतो. तिथे नवीन भरती झालेल्यांच्या काही तुकड्यांना मेंटॉर सक्तीने दिला आणि काही तुकड्यांमध्ये आधी विचारलं, हवाय का, आणि हो म्हणणाऱ्यांपैकी काहींना दिला. सक्तीच्या तुकड्यांमध्ये मेंटॉर मिळालेल्यांची विक्री साधारण १८-१९ टक्क्यांनी जास्त निघाली. आणि जिथे विचारून दिला तिथे? तिथे मेंटॉर मिळालेल्या आणि न मिळालेल्या माणसांत सांगण्यासारखा फरकच नाही. कारण हात वर करणारे मुळातच असे होते की त्यांनी आपली वाट शोधलीच असती. ज्यांना खरा फायदा झाला असता त्यांनी "नको, ठीक आहे" म्हटलं होतं. ऐच्छिक मेंटॉरशिप ठेवून जे लोक उदार झाल्याचं समाधान मानतात त्यांनी हे नीट वाचावं.

यावर लगेच येणारा आक्षेप मला माहीत आहे, कारण तो मला तोंडावर ऐकवला गेलाय. नाती अशी ऑर्डर देऊन बनतात का? जोड्या लावून काय मिळणार, दोन माणसं महिन्यातून एकदा समोरासमोर बसून घड्याळ बघतील. बरोबर आहे, काही बसतीलच. पण आपोआप जुळण्याची वाट बघायची म्हटलं तर ते कोणाचं जुळतं हे वर लिहिलंय. फ्रँक डॉबिन आणि अलेक्झांड्रा कॅलेव्ह या दोन समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या आठशेहून जास्त कंपन्यांचा तीस वर्षांचा डेटा तपासला. त्यात सक्तीची डायव्हर्सिटी ट्रेनिंगं, म्हणजे सगळ्यांना एका खोलीत बसवून भेदभाव करू नका असं सांगणं, बहुतेक फुकट किंवा उलटी पडलेली दिसली. ठरवून नेमलेली मेंटॉरशिप मात्र चालली. मॅनेजरच्या पातळीवर काळ्या, हिस्पॅनिक आणि आशियाई वंशाच्या बायका, तसंच हिस्पॅनिक आणि आशियाई पुरुष, यांचं प्रमाण सरासरी ९ ते २४ टक्क्यांनी वाढलं. त्यांनी नोंदवलेली एक गोष्ट मला फार पटली, की वरच्या जागेवरचे गोरे पुरुष स्वतःहून एखाद्या तरुण मुलीकडे किंवा वेगळ्या वंशाच्या मुलाकडे जायला बिचकतात, लोक काय म्हणतील वगैरे, पण तेच काम म्हणून नेमून दिलं की आवडीने करतात. म्हणजे संकोच दोन्ही बाजूंना आहे. ज्युनिअर विचारत नाही आणि सिनिअर हात पुढे करत नाही, आणि दोघांनाही वाटतं समोरच्याला इंटरेस्ट नाही.

आणि सक्ती या शब्दाला एवढं बिचकायचं कारण नाही, ट्रेनिंगची सक्ती आणि मेंटॉरची सक्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात माणसाला सांगतात की तू चुकीचा विचार करतोस. दुसऱ्यात सांगतात की हा माणूस, याला मदत कर. पहिलं ऐकून माणूस हाताची घडी घालून बसतो, दुसरं ऐकून थोडा फुगतो, आणि फुगू दे ना, आपलं काय जातं.

बरं, मेंटॉरने नक्की करायचं काय, यावर पण जरा बोलायला हवं कारण तिथे फार गोंधळ आहे. कॅथी क्रॅम या अभ्यासिकेने १९८० च्या दशकात याचे दोन भाग पाडले होते आणि ते अजूनही कामाला येतात. एक म्हणजे करिअरची मदत, चांगलं काम मिळवून देणं, वरच्या लोकांपुढे नाव घेणं, चूक झाली तर पाठीशी उभं राहणं, अवघड काम देऊन बघणं. दुसरं म्हणजे मनाचा आधार, तू इथला आहेस, असं वाटणं नॉर्मल आहे, मलाही असंच व्हायचं. लोकांना वाटतं एकाच माणसाने हे दोन्ही करावं, आणि असा माणूस मिळाला तर नशीबच. पण बहुतेकांना मिळत नाही आणि मग ते परफेक्ट मेंटॉरच्या शोधात वर्षं घालवतात.

दुसऱ्या भागासाठी मोठा माणूस लागतच नाही. टारा डेनेही आणि निलंजना दासगुप्ता यांनी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या दीडशे मुलींवर अभ्यास केला, तो २०१७ साली आला. काहींना सिनिअर मुलगी मेंटॉर दिली, काहींना सिनिअर मुलगा, काहींना कोणीच नाही. मेंटॉर म्हणजे प्रोफेसर वगैरे नाही, वरच्या वर्षातली विद्यार्थिनी किंवा विद्यार्थी, महिन्यातून एखादी भेट. वर्षाच्या शेवटी जिला मुलगी मेंटॉर होती त्या गटातली एकही जण इंजिनिअरिंग सोडून गेली नव्हती. कोणीच नसलेल्यांपैकी ११ टक्के गेल्या, मुलगा मेंटॉर असलेल्यांपैकी १८ टक्के. आणि बघा, हा फरक मार्कांमुळे नव्हता. मार्क चांगले असणाऱ्या मुलीसुद्धा सोडून जात होत्या. राहिल्या त्या "मी इथली आहे" आणि "मला जमेल" हे वाटणं टिकल्यामुळे राहिल्या. जे लोक म्हणतात की हुशार असेल तो टिकेलच, त्यांच्यासाठी हे.

पण म्हणून बायकांना बाईच मेंटॉर आणि गरीब घरातल्याला गरीब घरातून आलेलाच मेंटॉर अशी जोड्यांची वाटणी करायची का? मला ते पटत नाही. एक तर वर पोचलेल्या अशा लोकांची संख्याच कमी, त्यांच्या गळ्यात सगळा कारखाना मारायचा का? आणि आत्ता होतं तेच. टीममध्ये एकच सिनिअर बाई असते आणि येणारी प्रत्येक मुलगी तिच्याकडे पाठवली जाते, ती पण बिचारी नाही म्हणत नाही कारण तिला स्वतःचे दिवस आठवतात, आणि तिकडे तिच्या बरोबरीचे पुरुष सहकारी तेवढे तास स्वतःच्या कामात घालून पुढच्या प्रमोशनला तिच्या आधी पोचतात. शिवाय पहिल्या भागाचं, म्हणजे करिअरच्या मदतीचं, गणित वेगळं आहे. तिथे ज्याच्या हातात सत्ता आहे तो माणूस लागतो, तो तुमच्यासारखा दिसो न दिसो. त्यामुळे माझं मत असं की दोन माणसं द्या. एक दोनचार वर्षंच पुढे असलेला, जमल्यास तशाच वाटेने आलेला, ज्याला रात्री मेसेज करून मूर्ख प्रश्न विचारता येईल. आणि एक खूप वरचा, थेट बॉस नसलेला. थेट बॉस नको हे महत्त्वाचं, कारण जो तुमचं अप्रेझल लिहितो त्याला तुम्ही मला हे येत नाही असं सांगणार नाही, कोणीच सांगत नाही.

आता सगळ्यात अवघड जागा. वेगळ्या पार्श्वभूमीतल्या ज्युनिअरला खरं बोलणं. डेव्हिड थॉमस यांनी हार्वर्डमध्ये असताना अमेरिकेतल्या तीन मोठ्या कंपन्यांमध्ये तीन वर्षं अभ्यास केला आणि २००१ साली त्यावर लिहिलं. त्यांना दिसलं की वेगळ्या वंशाचे मेंटॉर आणि ज्युनिअर असले की दोघंही नाजूक विषय टाळतात, एकमेकांना जपायच्या नावाखाली. उदाहरणार्थ मेंटॉरला दिसतंय की याची बोलायची पद्धत क्लायंटपुढे टोचते, पण सांगितलं तर वंशावरून बोलला असं होईल म्हणून गप्प. ज्युनिअरला कळतंय की आपलं नाव मुद्दाम गाळलं गेलं, पण बोललो तर चिडका ठरू म्हणून गप्प. दोघं हसून चहा पितात आणि वर्ष निघून जातं. थॉमस यांच्या अभ्यासात मधल्या पातळीवर अडकून पडलेल्या लोकांना मेंटॉर नव्हता असं नाही, त्यांना मिळालेली मदत फक्त कामाचं तंत्र शिकवण्यापुरती होती. जे वरपर्यंत गेले त्यांचं नातं त्यापेक्षा खोल होतं, तिथे हे अवघड बोलणं झालेलं होतं.

मी हे फार जवळून बघितलंय, "छान झालंय" नावाचा रोग. सिनिअर आपल्यासारख्या पोराला म्हणेल, "अरे काय लिहिलंयस हे, पहिली तीन पानं उडव, मुद्दा चौथ्या पानावर आहे". आणि त्याच दर्जाचं काम घेऊन दुसरी, वेगळ्या घरातली मुलगी आली की म्हणेल, "छान आहे, थोडं बघ परत". त्याला वाटतं आपण चांगुलपणाने वागलो. प्रत्यक्षात पहिल्याला फुकटची शिकवणी मिळाली आणि दुसरीला नुसती मान डोलावून मिळाली. वर्षभर असं चाललं की पहिला खरंच जास्त चांगलं लिहायला लागतो, आणि मग सगळे म्हणतात, बघा, त्याच्यात मुळात टॅलेंट होतं.

पण खडूस फीडबॅक देऊन पण होत नाही ना. ज्याला आधीच शंका आहे की मला इथे कमी लेखतात त्याला लाल शाईने भरलेला कागद दिला की त्याची शंका पक्की होते. यावर एक छोटा पण फार सुंदर प्रयोग आहे. डेव्हिड यीगर, जेफ्री कोहेन वगैरे मंडळींनी २०१४ साली छापलेला, सातवीतल्या मुलांच्या निबंधांवर. शिक्षकांनी निबंधावर नेहमीसारख्या कडक सूचना लिहिल्या, आणि मग वेगळी चिठ्ठी चिकटवली. काहींच्या चिठ्ठीत साधं वाक्य, काहींच्या चिठ्ठीत असं की माझ्या अपेक्षा मोठ्या आहेत आणि तू तिथवर पोचशील हे मला माहीत आहे म्हणून हे लिहितोय. एवढाच फरक. निबंध सुधारून परत देणाऱ्या काळ्या मुलांचं प्रमाण १७ टक्क्यांवरून थेट ७० च्या वर गेलं. कडकपणा तसाच ठेवून. मोठ्यांच्या ऑफिसात हे तसंच्या तसं होईल असं मी म्हणत नाही, पण कडक बोलायचं आणि का बोलतोय तेही सांगायचं, या दोनपैकी एक गाळलं की बिघडतं हे मला कुठल्याही वयाला लागू वाटतं.

इथपर्यंत सल्ल्याचं झालं. पण नुसत्या सल्ल्यावर कोणी वर जात नाही, हे जरा कटू आहे पण आहे. २००८ साली कॅटलिस्ट या संस्थेने एमबीए झालेल्या चार हजारांवर लोकांना विचारलं होतं, तेव्हा ८३ टक्के बायकांनी आणि ७६ टक्के पुरुषांनी सांगितलं की मला आतापर्यंत किमान एक तरी मेंटॉर मिळालाय. म्हणजे बायकांकडे मेंटॉर जास्तच! तरी पुढच्या दोन वर्षांत प्रमोशनं पुरुषांना जास्त. हर्मिनिया इबारा आणि सहकाऱ्यांनी २०१० साली त्याचा छडा लावला, तर निघालं असं की पुरुषांचे मेंटॉर जास्त वरच्या जागेवरचे होते आणि ते बंद दाराआड त्यांचं नाव पुढे करायचे, बायकांचे मेंटॉर त्यांना कसं वागावं, आत्मविश्वास कसा वाढवावा हे सांगायचे. सल्ल्याला काही खर्च नसतो. नाव पुढे करायला असतो, कारण उद्या ती नापास झाली तर माझीही पत जाते. ती पत पणाला लावायची तयारी नसेल तर मेंटॉरने स्वतःला मेंटॉर म्हणवून घेताना जरा कमी छाती फुगवावी. आणि कंपनीने पण वर्षाच्या शेवटी मेंटॉरला "किती भेटी झाल्या" हे विचारण्यापेक्षा "तू हिचं नाव कुठल्या कामासाठी सुचवलंस" हे विचारावं, उत्तर येईपर्यंत गप्प बसावं.

"आम्हाला कोणी शिकवलं होतं? आम्ही नाही का आलो वर?" हा एक आक्षेप मी मुद्दाम शेवटाकडे ठेवला कारण त्यावर फार वेळ घालवायची इच्छा नाही. जे पडले त्यांना तुम्ही बघितलंच नाही, ते ऑफिस सोडून गेले. आणि तुम्हाला खरंच कोणीच काही सांगितलं नव्हतं का, की सांगणारं माणूस घरातलंच असल्यामुळे ते शिकवणं वाटलं नाही, हे एकदा शांतपणे आठवून बघा.

खर्चाचा आक्षेप मात्र खरा आहे आणि त्याला टाळून चालणार नाही. शिकवायला वेळ जातो. २०२३ साली एमॅन्युएल, हॅरिंग्टन आणि पॅलाइस या तिघींनी एका मोठ्या कंपनीतल्या सॉफ्टवेअर इंजिनिअर्सचा अभ्यास मांडला, त्यात टीम एकाच इमारतीत जवळजवळ बसत असेल तर ज्युनिअर्सना, त्यातही तरुण मुलींना, आपल्या कोडवर जास्त सूचना मिळतात असं दिसलं. आणि त्याच वेळी सिनिअर लोकांचं स्वतःचं कोड लिहिणं कमी झालं. साहजिकच आहे. आता या सिनिअरचं अप्रेझल जर फक्त त्याने लिहिलेल्या कोडवर होणार असेल तर तो दोनपैकी काय निवडेल हे सांगायला कोणी विद्वान लागत नाही. सध्या बहुतेक ठिकाणी मेंटॉरिंग म्हणजे चांगल्या माणसाने आपल्या जेवणाच्या सुट्टीतून काढून दिलेला वेळ असतो, आणि चांगली माणसं थकतात. आठवड्याचे दोन तास त्याच्या कामातून अधिकृतपणे कमी करा, त्याच्या प्रमोशनच्या फॉर्ममध्ये त्याला जागा ठेवा, तेवढे पैसे नसतील तर मोठ्या हॉलमधले डायव्हर्सिटीचे कार्यक्रम बंद करा, फोटो कमी येतील फक्त.

आणि अर्धवट करणार असाल तर करूच नका. मुलांसाठीच्या मेंटॉरिंगवर जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांनी २००२ साली जे दाखवलं ते सगळ्यांनी लक्षात ठेवायला हवं. वर्षभर किंवा जास्त टिकलेल्या जोड्यांमध्ये मुलांना सगळ्यात जास्त फायदा झाला, पण जिथे मेंटॉर दोनतीन महिन्यांतच गळाला तिथली मुलं काही बाबतीत आधीपेक्षा खालीच गेली. ज्याला आधीच वाटतं की आपल्यात कोणाला रस नाही, त्याच्याकडे कोणीतरी मोठ्या उत्साहाने यायचं, दोन भेटी घ्यायच्या आणि मग "या महिन्यात फार गडबड आहे" म्हणून गायब व्हायचं. नोकरदार मोठी माणसं लहान पोरांसारखी मोडून पडत नसतील, पण निष्कर्ष ती पण काढतातच.

जोडी न जुळणं हे पण होणारच. त्यासाठी एक साधी गोष्ट पुरते, ठरलेल्या एका तारखेला दोघांनाही विचारायचं, हीच जोडी ठेवू की बदलू, कारण सांगायची गरज नाही. सगळ्यांना एकाच दिवशी विचारायचं, म्हणजे तक्रार केली असं कोणावर येत नाही. आणि ते उत्तर ज्युनिअरच्या मॅनेजरकडे जाता कामा नये.